गुळाचं शीड

थंडी पडली की माझ्या नाकाला आधी कळतं. सांगलीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सून स्वेटर वाळत घालते, नात गिझर जास्त वेळ चालू ठेवते, पण मला त्याच्या आधीच वर्दी मिळालेली असते. एखाद्या सकाळी खिडकी उघडावी आणि कुठूनतरी लांबून उसाच्या रसाला आलेल्या उकळीचा वास यावा. आता आसपास गुऱ्हाळ उरलेलं नाही, ऊस सगळा कारखान्याला जातो. सून म्हणते, "आई, वासबीस काही नाही, तुम्हाला भास होतो." असेल बाई. पण असा भास वर्षातून एकदा व्हावा म्हणून मी अकरा महिने वाट बघते.

त्या वासाबरोबर मला आमचा घाट दिसतो, कृष्णेचं हिरवं पाणी दिसतं, आणि पाण्यावर दावं लावलेल्या म्हशीसारखी संथ डुलणारी दादाची शिडाची होडी दिसते. तिच्यावर मी नाताळच्या सुट्टीतले बारा दिवस राहिले. माझ्या वयाच्या बायका माहेरच्या घराच्या आठवणी काढतात. मला आधी होडी आठवते, घर नंतर.

लढाई संपून वर्ष उलटून गेलेलं. मी पंधरा वर्षांची होते आणि साताऱ्याला मामाकडे राहून शिकत होते. मामा मास्तर. त्यानं हट्ट धरला म्हणून आमच्या भावकीतली मी पहिली मुलगी इंग्रजी शाळेत गेले, आणि गावात आले की जरा जास्तच शहाणपणा करायचे. हा शहाणपणा पुढं आम्हाला चांगलाच भोवला, पण ते मागाहून.

आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत. माझा भाऊ दौलत, म्हणजे दादा, तोही भरतीला गेला तो पायदळासाठीच. पण भरतीच्या साहेबानं रांगेत विचारलं, "पोहता कुणाला येतं?" आणि दादानं फुशारकीनं हात वर केला. "कृष्णंत पवतो, सायेब, पुरातबी." झालं. बाकीची पोरं बंदूक घेऊन जमिनीवर राहिली आणि आमचा दादा गेला बोटीवर. आबा, म्हणजे आमचे वडील, कित्येक दिवस लोकांना सांगत होते, "हात वर केला आन् समुद्रात पडला."

जाण्याआधी आठच दिवस त्याचं लग्न झालं होतं. वहिनी तेव्हा चौदा वर्षांची होती, हौसा तिचं नाव. मधे एकदा दादा दहा दिवसांच्या रजेवर येऊन गेला, त्यातले चार दिवस तापानं पडून होता. पाच वर्षं ही मुलगी आमच्या घरात राबली, सासूचं ऐकलं, माझ्या वेण्या घातल्या, आणि नवरा म्हणजे महिन्याला येणारी मनीऑर्डर एवढंच तिला ठाऊक होतं. मग दादा कायमचा परत आला, तरी तिला तो कुठं मिळाला? आमच्या घरात नवराबायकोनं वडीलधाऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. तो पुरुषांच्या पंगतीत जेवायचा, ती वाढायची. तो पडवीत बसला की ती आत. आणि एवढ्या दिवसांनी आलेल्या दादाला घरात झोपच येईना. म्हणायचा, "खाली काय हलतच न्हाई, कसं झोपावं मानसानं?"

म्हणून त्यानं होडी बांधली. दसऱ्याला सुरुवात केली. गावच्या सुतारानं जन्मभर बैलगाड्या केलेल्या, त्यामुळं होडीलाही गाडीचा घाट आला. बाभळीचं लाकूड, बुडाला डांबर, मागच्या अर्ध्या भागावर उसाच्या पाचटाचं छप्पर. सुतार म्हणाला, "चाकं लावली तर वैरन आनायला बी हुईल." दादा दिवाळीपासून तिथंच झोपायला लागला. घाटाच्या खाली गावची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी नाव, बांधलेली असायची, तिच्याशेजारी ही. आई म्हणायची, "पाच वर्सं सोसली, आता गावात असून पोरगं पान्यात."

मी सुट्टीला आले. भिलवडी स्टेशनावर उतरून आमच्या गाडीनं घरी पोचले, पाय धुतले, चहा घेतला, आणि वहिनीनं मला गोठ्यामागं ओढून नेलं. तिच्या हातात एक लिफाफा होता. दादाच्या ट्रंकेची झाडझूड करताना सापडलेला. वहिनीला वाचता येत नव्हतं.

"वन्सं, एवढं वाचून दावा. म्या कुनाला म्हनाले न्हाई."

मुंबईच्या कुठल्याशा मालवाहू बोटीच्या कंपनीचं पत्र होतं. संक्रांतीनंतर हजर व्हा, बोट दोन वर्षं बाहेर राहील, येत आहात किंवा कसे ते ताबडतोब कळवा. मी इंग्रजी वाचत होते आणि मराठीत सांगत होते, आणि 'दोन वर्षं' म्हणताना माझी जीभ अडखळली. वहिनी रडली नाही. तिनं पत्राची घडी पहिल्यासारखी करून लिफाफ्यात घातली आणि म्हणाली, "म्हंजी ह्यास्नी मी कशी हाय ते कळायच्या आतच पुन्हा जायाचं."

त्या वाक्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादाचा राग आला, रीतीचा राग आला, आणि मी ठरवलं की काहीही करून हिला होडीवर न्यायचं.

जेवताना मी जाहीर केलं की मॅट्रिकचं वर्ष जवळ येतंय, घरात अभ्यास होत नाही, मी सुट्टीभर दादाच्या होडीवर राहणार. आई म्हणाली, "घरात काय बाजार भरलाय?" मी म्हटलं, भरलाय. आबा हसले. मग मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य आईच बोलली, तेही जरा घाईनंच: "ऱ्हा बापडी. पन भाकऱ्या कोन थापणार? हौसा यील संगं." तेव्हा मला वाटलं, काय झकास फसवलं आईला! मला आता वाटतं, आईला वाचता येत नव्हतं, पण पोस्टमननं दिलेला लिफाफा मुंबईचा की साताऱ्याचा हे तिला बरोबर कळायचं.

तर असा आमचा संसार पाण्यावर सुरू झाला. दोन घोंगड्या, एक शेगडी, पितळी तांब्या, माझं भूगोलाचं पुस्तक.

पहिले दोन दिवस नुसता तमाशा. होडीची लांबी ती केवढी? दादा एका टोकाला, वहिनी दुसऱ्या, मधे मी. आणि दोघं बोलायची ती माझ्या मार्फत.

"वन्सं, ह्यास्नी ईचारा, भाकरी वाढू का."

"सांग तिला, वाढ म्हनावं."

"वन्सं, ठेचा तिकाट झालाय का?"

"सांग, बरा झालाय."

तिसऱ्या दिवशी मी कंटाळले. म्हटलं, "मी काय टपालखातं हाय? मला भूगोल वाचायचाय." आणि छपराखाली तोंड पुस्तकात घालून बसले. पाणी होडीला चुबुक चुबुक लागत होतं. मग दादाचा आवाज आला, माझ्यापेक्षाही घाबरट, "ठेचा... लय तिकाट झाला व्हता." आणि वहिनी फस्सकन हसली. आफ्रिका खंडाची सगळी माहिती मी त्या सुट्टीत पाठ केली, कारण पान उलटायची मला हिंमतच नव्हती.

त्या सकाळी! पहाटे जाग यायची तेव्हा नदी दिसायचीच नाही. नुसतं धुकं. पलीकडच्या काठावरून कुणीतरी बैलाला हाकतंय, घुंगरू वाजतंय, पण बैल नाही, काठ नाही. पाचटावरून दवाचे थेंब मानेत पडायचे. वहिनी शेगडी पेटवून चहाला आधण ठेवायची आणि तो धूर धुक्यात मिसळून जायचा. मग ऊन वर यायचं. आधी देवळाचा कळस दिसायचा, मग पिंपळ, मग घाटाच्या पायऱ्या, आणि सगळ्यात शेवटी पाणी. एक खंड्या रोज आमच्या डोलकाठीवर येऊन बसायचा आणि आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. अगदी आमच्या थोरल्या आत्यासारखं.

घाटापासून हाकेच्या अंतरावर काठावरच आमचं गुऱ्हाळ चालू होतं. दुपारी वहिनी आणि मी तांब्या घेऊन जायचो. काहिलीत रस खदखदत असायचा, गुळव्या बंडूतात्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत असायचा. बंडूतात्याचा शब्द गुऱ्हाळात शेवटचा. गूळ कधी उतरायचा हे तो नुसतं बुडबुड्यांकडे बघून सांगायचा. तो आम्हाला उसाच्या कांडक्यावर गरम गूळ लावून द्यायचा. जीभ भाजायची, तरी थांबवत नसे. दातांना चिकटलेला तो गूळ मी होडीवर येईपर्यंत चघळत असे, आणि अभ्यासाच्या पुस्तकावर अजूनही माझ्या बोटांचे डाग असतील.

आमच्या भागात गूळ आणि पाणी यांचं नातं जुनंच. पूर आला की माणसं गुळाच्या रिकाम्या काहिलीत बसून पलीकडे जातात. त्यामुळं होडीच्या शिडाला कापड मिळेना तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं, ते कुणाच्याही आलं असतं. कापड रेशनवर, धोतराला मिळायची मारामार, शिडाला कोण देणार? डोलकाठी उभी, दोर तयार, आणि शीड नाही म्हणून दादा रोज वाऱ्याकडे बघत सुस्कारे टाकायचा. मला आठवलं, गुऱ्हाळात ढेपेची फडकी असतात. ढेप पाडायच्या आधी साच्यात ओलं फडकं घालतात, गार झाल्यावर ते सोलून काढतात. जुनी, विरलेली फडकी कोपऱ्यात ढिगानं पडली होती. मी बंडूतात्याकडून ती मागून आणली.

"ताईसाब," तो म्हणाला, "गुळाचं फडकं हाय. सात पान्यातनं काडा, ऊन पान्यातनं. न्हाईतर पस्तावाल."

नदीचं पाणी असं थंड की हात घातला की बोटं आपली राहत नसत. एवढी फडकी ऊन पाण्यातून सात वेळा काढायची म्हणजे दोन दिवस चूल पेटती ठेवायला हवी. वहिनी म्हणाली, "तात्या म्हनत्यात तर काडू या." मी इंग्रजी शाळेतली. मी म्हटलं, "वाहतं पाणी आहे वहिनी, सगळं आपोआप जातं." दोन बुचकळ्या मारल्या आणि वाळूवर वाळत घातली.

दादानं ती फडकी पोत्याच्या दाभणानं, सुतळीनं शिवली. एक बाजू तो, एक बाजू वहिनी. मी दोघांच्या मधून उठून गेले होते. शिवता शिवता तो तिला बोटीवरच्या गाठी दाखवत होता. ही अमकी, ही तमकी, साहेबाची नावं. वहिनीनं एक गाठ नीट बघितली आणि म्हणाली, "ह्यात काय? ही तर म्हशीची. दाव्याला मारतो की आमी." दुसरी दाखवली, ती म्हणाली, "ही वासराची, गळ्याला फास बसू ने म्हनून." दादानं दोर खाली ठेवला. "आगं, ही शिकाया मला म्हैना लागला!" वहिनी म्हणाली, "म्हस न्हवती व्हय तुमच्या बोटीवर?" मी वाळूत बसून ऐकत होते आणि मला एवढा आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

त्याच संध्याकाळी शेगडीशी बसून दादा पहिल्यांदा लढाईबद्दल बोलला. फार नाही. पाणी किती काळं असतं ते, आणि एक गोष्ट. "बोटीवर मला नंबरानं हाका मारायचे. पाच वर्सं नंबर. घरी आलो तर कोन फौजी म्हनतंय, कोन दादा, आबा तर नुसतं 'आरं' म्हनत्यात." वहिनी शेगडीतले निखारे सारत होती.

आता आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत हे वेगळं सांगायला नको. हळदीकुंकवाला चारचौघींनी आग्रह केला की लाजत लाजत उखाण्यातून घ्यायचं, तेवढंच. वहिनी आज नव्वदीकडे झुकली. अजूनही नातसुना तिला उखाण्याचा आग्रह करतात आणि ती अजूनही एकच उत्तर देते, "माझं एकदाच घिऊन झालंय. नदीला जाऊन ईचारा."

ते असं झालं. माझी सुट्टी संपायला दोन दिवस राहिले होते. शीड चढवायचा दिवस ठरला आणि आख्खं गाव घाटावर जमलं. दुपारचं वारं सुटलं होतं. सकाळी डोलकाठीवर तांबड्या मुंग्यांची रांग लागलेली मी बघितली होती आणि पदरानं झटकून टाकली होती, कुणाला बोलले नव्हते. दादा पुढं दोर धरून, वहिनी मागं सुकाण्यावर, कारण दहा दिवसांत तिला ते चांगलं जमायला लागलं होतं, आणि मी मधे. दादानं दोर ओढला. शीड वर गेलं, तपकिरी, ठिगळाठिगळांचं, आणि वाऱ्यानं टम्म फुगलं. होडी निघाली! बाभळीचं ते जड धूड, सुतार म्हणायचा बैलाशिवाय हलायचं नाही, ते चालायला लागलं. घाटावर आरोळी उठली. दादानं मागं वळून वहिनीकडे बघितलं आणि मी त्याचा तो चेहरा बघितला. तसा मी पुन्हा कधी बघितला नाही.

आम्ही गुऱ्हाळासमोरून गेलो. गुऱ्हाळ म्हटलं की मधमाश्या आल्याच, दिवसभर चिपाडावर घोंगावत असतात. आणि त्यांच्या समोरून, उन्हात तापलेलं, दरवळणारं एवढं मोठं गुळाचं फडकं चाललेलं. पहिल्यांदा दहाबारा आल्या. मग शिडाचा रंगच बदलला.

मी घोंगडीखाली. दादा पुढं उभा, एक हात तोंडावर, दुसऱ्या मनगटाला दोराचे वेढे घट्ट गुंडाळलेले. डोळ्यांवर चावल्यानं त्याला दिसेना. शीड तसंच फुगलेलं, आणि होडी सरळ कातळाच्या रांगेकडे. गावाखाली नदीत काळे कातळ होते, त्यांना आम्ही दात म्हणायचो. बाभूळ असो नाहीतर लोखंड, त्यावर आपटली की संपलं, आणि दादा दोरासकट खाली जाणार. काठावर सगळे एकदम ओरडत होते. "आरं सोड!" "आवं बघा!" "आरं दोर!" "आरं फौजी!" नुसता कालवा. दादा मान इकडे फिरवी, तिकडे फिरवी. वहिनीही "आवं, आवं" करत होती, पण तसं काठावर पन्नास जण करत होते.

मी घोंगडी जराशी वर केली. वहिनी सुकाणू दोन्ही हातांनी रेटून उभी होती. पदर डोक्यावरून गेला होता, गालावर माश्या होत्या आणि ती हलत नव्हती. आणि मग तिनं, सासू, सासरा, चुलते, आख्खी भावकी काठावर असताना, छाती भरून हाक मारली:

"दौलतऽऽ! दोर सोड!"

'सोडा' नाही. 'सोड'.

काठावरचा कालवा तोडून टाकल्यासारखा थांबला. दादानं मान बरोबर तिच्या दिशेनं वळवली, मनगट फिरवलं आणि वेढे सोडले. शीड धपकन पाण्यात पडलं, माश्या त्याच्याबरोबर गेल्या, होडीनं मान वळवली आणि कातळाच्या चार हात अलीकडे वाळूत जाऊन बसली. तोवर बंडूतात्या एका रिकाम्या काहिलीत बसून, झाऱ्यानं वल्हवत आमच्याकडे निघाला होता. "म्या सांगितलं व्हतं! सात पान्यातनं!" असं तो सबंध नदीभर ओरडत आला.

दादाचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं. एक डोळा पूर्ण मिटलेला. आणि तो हसत होता. वाळूत बसून, पोट धरून, पाच वर्षांचं साठलेलं हसत होता. वहिनीला मात्र आता भान आलं. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला, कारण काठावरून आई येत होती.

आई आली. तिनं आधी दादाकडे बघितलं, मग शिडाकडे, मग वहिनीकडे. सगळं गाव कान देऊन उभं. आई म्हणाली, "हौसे, आवाज चांगला हाय तुजा. उद्यापासनं रानातनं गड्यास्नी जेवायला हाक तूच मार." आणि स्वतःच्या पदरानं तिच्या गालावरचा माशीचा काटा काढायला बसली.

निघायच्या दिवशी सकाळी मी होडीवर शेवटचा चहा घेत होते. वहिनी काठावर भांडी घासत होती. दादानं घरच्या ट्रंकेतून आणलेला तो लिफाफा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मी पहिल्यांदाच बघतेय असं तोंड केलं. तो म्हणाला, "तोंड नको करू. घडी उलटी घातल्याली म्या कवाच वळखली." मग म्हणाला, "ह्या बोटवाल्यास्नी उत्तर लिवायचंय. चांगल्या अक्षरात. येत न्हाई म्हनून."

मी वहीतला कागद फाडला, बोटाला गुळाचा चिकटपणा होताच, तो कागदाला लागला. नमस्कार लिहिला. नोकरीवर हजर होता येत नाही, एवढं लिहिलं. मग इंग्रजी शाळेतल्या शहाणपणानं विचारलं, "कारण काय लिहू? कारण द्यावं लागतं."

दादानं एका उघड्या डोळ्यानं काठाकडे बघितलं. वहिनी वाकून राखेनं तांब्या घासत होती आणि उन्हात तो चमकत होता.

"लिव्ह," तो म्हणाला, "घरनं हाक आली."